वस्तूंमागची माणसे : मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचा पूर्वेतिहास

मुंबईस काही कामानिमित्त आलेला आणि हाताशी एक दिवस मोकळा असलेला मनुष्य जेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहण्याचा बेत करतो, तेव्हा तो वेळेचा, तिकिटाचा आणि वाहनाचा विचार कसोशीने करतो. परंतु काय पाहावयाचे आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार मात्र तो संग्रहालयावर सोपवून मोकळा होतो. परिणामी तळमजल्यावरील शिल्पांपासून प्रारंभ करून, पहिल्या मजल्यावरील लघुचित्रे मागे टाकीत, दुसऱ्या मजल्यावरील शस्त्रागारापाशी तो पोहोचतो, तेव्हा त्याचे पाय थकलेले असतात आणि दृष्टी त्याहूनही अधिक थकलेली असते. घरी परतल्यावर त्याच्या स्मरणात पुष्कळ वस्तू पाहिल्याचे समाधान उरते. त्यांतील एखादी वस्तू उरतेच असे नाही. हा दोष पाहणाऱ्याच्या रसिकतेचा नव्हे. ज्या क्रमाने वस्तू मांडल्या आहेत त्याच क्रमाने त्या पाहिल्या पाहिजेत, अशी आपली जी समजूत होऊन बसली आहे तिचा तो दोष आहे. माझे मत असे की, असे संग्रहालय पाहावयाचे ते वस्तू ज्या क्रमाने आणि ज्यांच्या हातून तेथे आल्या, त्या क्रमाने पाहावे. प्रत्येक दालनामागे एखाद्या माणसाचा छंद, एखाद्या संस्थेचे परिश्रम किंवा एखाद्या राजवटीचा विस्तार उभा असतो, आणि तो एकदा ध्यानी आला म्हणजे शेकडो वस्तूंतून आपल्यापुरत्या दहा वस्तू निवडणे अवघड राहत नाही. याकरिता भेटीची आखणी करण्यापूर्वी या वास्तूचा पूर्वेतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

काळा घोड्याजवळची ही इमारत मुंबईचे आद्य संग्रहालय नव्हे. तो मान भायखळ्याच्या संग्रहालयाचा. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाने युरोपातील राष्ट्रांना आपापल्या अंमलाखालील मुलखांतील माल मांडून दाखविण्याची जी चटक लावली, तिचा एक परिणाम असा झाला की, १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून नाना प्रकारचे जिन्नस गोळा करण्यात आले आणि त्यांचे जोडनमुने येथेच ठेवून घेऊन किल्ल्यातील टाउन बराक्समध्ये एक संग्रह उभा करण्यात आला. दोनच वर्षांत, १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत, बराकी पलटणींसाठी हव्या झाल्या, संग्रह घाईघाईने तेथून हलविण्यात आला आणि त्याची बरीच नासधूस झाली. सरकारच्या दृष्टीने ही बाब तेथेच संपली असती तर नवल नव्हते. ती संपली नाही याचे श्रेय जॉर्ज बर्डवूड या विद्याव्यासंगी डॉक्टराइतकेच मुंबईच्या दोन नागरिकांना आहे. त्यांपैकी एक जगन्नाथ शंकरशेट आणि दुसरे डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीची पदवी घेऊन निघालेल्या पहिल्या तुकडीतील हा विद्यार्थी रोग्यांच्या नाड्या पाहता पाहता अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखही वाचू लागला, नाणी आणि हस्तलिखिते जमवू लागला, आणि आपल्या प्राचीन इतिहासाची साधने परक्यांनीच तपासावीत ही स्थिती त्यास सहन होईना. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे तर त्या काळच्या मुंबईतील प्रत्येक सार्वजनिक संस्थेच्या पायाशी असलेले पुरुष. या मंडळींच्या खटपटीने वर्गणी उभी राहिली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्याच्या बागेत नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा होता. तेथील कापूस विलायतेस जाणे बंद पडल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि देणग्यांचे आकडे त्याच तेजीवर फुगत चालले होते. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि संग्रहालयाचे बांधकाम रेंगाळले. त्याच वर्षी नाना शंकरशेट निवर्तले. अखेरीस सरकारी तिजोरीतून पैसा आल्यावर इमारत पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. तो दिवस पाहण्याचे भाग्य भाऊ दाजींस लाभले, परंतु पुढे दोनच वर्षांनी, १८७४ साली, तेही गेले. व्हिक्टोरिया राणीचे आणि तिच्या पतीचे नाव धारण करणाऱ्या त्या संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळावयास १९७५ साल उजाडावे लागले.

या पहिल्या संग्रहालयाचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे दुसऱ्याची गरज का भासली हे कळते. भायखळ्याच्या संग्रहामागील मूळ दृष्टी व्यापाराची होती: या इलाख्यात काय पिकते, काय विणले जाते, कोणते लाकूड, कोणती धातू, कोणते कौशल्य येथे उपलब्ध आहे, हे विलायतेतील व्यापाऱ्यास आणि येथील अंमलदारास एका दृष्टिक्षेपात दिसावे, हा तिचा हेतू. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सर ज. जी. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्या देखरेखीखाली येथे मातीच्या लहान लहान मूर्ती घडविल्या गेल्या, आणि त्यांतून मुंबईतील जातिजमाती, त्यांचे पेहराव, त्यांचे धंदे आणि रिवाज यांचे एक सूक्ष्म दर्शन उभे राहिले. आज काचेच्या कपाटात उभे असलेले ते वीतभर उंचीचे कारागीर पाहताना मन रमते, आणि ज्या धंद्यांचा मागमूसही शहरात राहिलेला नाही त्यांची हत्यारे तेथे जशीच्या तशी दिसतात. तथापि प्राचीन शिल्प, चित्रकला आणि इतिहास यांचा पद्धतशीर संग्रह करणे हे त्या संस्थेचे कार्य नव्हते. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननांतून आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या उद्योगातून मूर्ती, ताम्रपट आणि शिलालेख जमत चालले होते. त्यांना शहरात साजेसे घर नव्हते.

१९०४ साली मुंबईतील काही प्रमुख नागरिक या विचाराने एकत्र आले. राजपुत्र प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे बादशहा झालेले पंचम जॉर्ज, हिंदुस्थानच्या भेटीस येणार होते, आणि त्या भेटीचे स्मारक म्हणून संग्रहालय उभारावे असे ठरले. राजभक्तीच्या या निमित्तामागे नागरी दूरदृष्टीही तितकीच होती. राजपुत्राच्या आगमनाची कमान चार दिवसांत उतरली असती. त्याच उत्साहातून आणि त्याच निधीतून शहराला कायमची विद्यासंस्था मिळवून घेण्याचे चातुर्य या मंडळींनी दाखविले. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी राजपुत्रांच्या हस्ते कोनशिला बसली. बंगालच्या फाळणीचा अंमल सुरू होऊन तेव्हा महिनाही लोटला नव्हता, आणि देशभर स्वदेशीचे वारे वाहू लागले होते. अशा वेळी बसलेल्या या कोनशिलेला जागेची रीतसर सनद मिळाली ती १ मार्च १९०७ रोजी, जेव्हा मुंबई सरकारने ‘क्रेसंट साइट’ या नावाने ओळखला जाणारा भूखंड या नागरिकांच्या समितीच्या हवाली केला. आणि इमारतीचा नकाशा ठरला तो १९०९ साली, खुल्या स्पर्धेनंतर. कोनशिला आधी, जमीन नंतर आणि आराखडा त्याहूनही नंतर, अशा क्रमाने जे काम चालते ते बहुधा अर्धवट राहते. हे तडीस गेले, कारण त्यामागे पैसा होता आणि कायदाही होता.

पैशाचा हिशेब मुद्दाम पाहण्यासारखा आहे. राजभेटीच्या स्मारक निधीखेरीज सरकारने ३ लाख रुपये मंजूर केले आणि नगरपालिकेने अडीच लाख. सर करीमभाई इब्राहीम या खोजा गिरणीमालकाने एकट्याने ३ लाख दिले, आणि सर कावसजी जहांगीर यांनी ५० हजार. म्हणजे एका खासगी गृहस्थाची देणगी सरकारी अनुदानाच्या बरोबरीची आणि नगरपालिकेच्या अनुदानाहून मोठी होती. १९०९ च्या मुंबई कायदा क्रमांक ३ अन्वये संस्थेची रीतसर स्थापना होऊन कारभार विश्वस्त मंडळाकडे गेला. संग्रहालय हे कोणा संस्थानिकाचा तोषखाना नव्हते आणि निव्वळ सरकारी खातेही नव्हते. सरकार, नगरपालिका आणि नागरिक यांच्या तिहेरी पाठबळावर उभी राहिलेली ती एक स्वतंत्र संस्था होती. ज्याला येथे दालनादालनातून देणगीदारांची नावे का दिसतात असा प्रश्न पडतो, त्याला त्याचे उत्तर या पहिल्याच जमाखर्चात मिळेल.

नकाशा जॉर्ज विटेट यांचा. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा वास्तुविशारद १९०४ साली मुंबईत आला, जॉन बेग यांच्या हाताखाली काम करू लागला, आणि १९२६ साली याच शहरात मृत्यू पावला. गेटवे ऑफ इंडियाही त्याचेच. इलाख्याच्या दक्षिण भागातील विजापूरच्या आदिलशाही इमारतींचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता, आणि संग्रहालयाचा मधला भव्य घुमट त्या अभ्यासाची साक्ष देतो. तथापि या वास्तूचे पोत ठरते ते दगडाने: कुर्ल्याच्या खाणींतील करडा बेसाल्ट आणि मालाडकडील पिवळसर दगड. ज्या भूमीचा इतिहास आत मांडावयाचा, तिचाच पाषाण बाहेर वापरण्यात आला आहे. आत शिरून घुमटाखालच्या मध्यवर्ती दालनात उभे राहावे आणि वर पाहावे, म्हणजे पहिल्या मजल्याच्या सभोवती लाकडी कमानींचा आणि कठड्यांचा एक घेर दिसेल. नाशिककडील एका अठराव्या शतकातील वाड्याचे हे लाकूडकाम विटेटने विकत घेतले आणि आपल्या दगडी इमारतीच्या गाभ्यात बसवून दिले. पेशवाईच्या काळातील कोणा सुताराने कोरलेल्या त्या कमानी, त्यांच्यावरचा तो गर्द रंग, आणि त्यांच्या पाठीमागे विसाव्या शतकातील घुमटाचा पांढरा उजेड: हा संयोग शांतपणे पाहण्यासारखा आहे. पुष्कळ लोक या दालनातून वाट काढीत पुढे जातात. माझी विनंती अशी की, संग्रहालयातील पहिली वस्तू म्हणून या लाकडाकडेच पाहावे, कारण जुने मोडीत न काढता त्याला नव्या रचनेत मानाची जागा द्यावयाची, हे या संस्थेचे सारे धोरण त्या एका घेरात व्यक्त झाले आहे.

इमारत १९१५ साली पुरी झाली, पण संग्रहालय उघडले नाही. महायुद्ध सुरू झाले होते, आणि ज्या दालनांत मूर्ती यावयाच्या तेथे जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून जहाजे भरभरून जखमी मुंबई बंदरात उतरत होते, आणि गोद्यांपासून जवळ असलेली ही नवी, हवेशीर, रिकामी इमारत लष्करी रुग्णालयासाठी सोयीची होती. काही काळ येथे बालकल्याणाचे केंद्रही चालले. समितीच्या ताब्यात इमारत आली ती १९२० साली. आणि १० जानेवारी १९२२ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्याआधी दोन महिनेही झाले नव्हते तोच, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, पुढच्या पिढीचे प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस उतरले होते, आणि त्यांच्या आगमनावरील बहिष्काराच्या दिवशी शहरात दंगल उसळून गांधीजींना उपोषण करावे लागले होते. कोनशिलेच्या वेळी ज्या पदवीचे कौतुक शहराने केले, ती पदवी धारण करणारी इमारत उघडली तेव्हा शहराचे मन पालटून गेले होते. इमारतीने मात्र या दोन्ही काळांचा वारसा घेतला, आणि नाव राजपुत्राचे असले तरी ती लोकांची होऊन राहिली.

आता संग्रहाकडे वळू. ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया’ या मूळ नावात ‘पश्चिम हिंदुस्थानचे’ असा निर्देश होता, आणि तळमजल्यावरील शिल्पदालन समजण्यासाठी तो ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. त्या काळचा मुंबई इलाखा सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला होता. म्हणून सिंधमधील मीरपूरखासची मातीची शिल्पे, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील ऐहोळ्याच्या मंदिराचे छत आणि मुंबई बंदरातील घारापुरीच्या मूर्ती एकाच छपराखाली आल्या. आज या तीन ठिकाणांपैकी एक परदेशात आहे आणि एक शेजारच्या राज्यात; इलाखा मोडला, पण त्याचा नकाशा या दालनात शाबूत आहे.

मीरपूरखासच्या शिल्पांपाशी वेळ द्यावा. काहू-जो-दडो या नावाच्या टेकाडाखाली असलेला बौद्ध स्तूप पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० च्या सुमारास उकलला. सिंधूच्या गाळाच्या त्या सपाट प्रदेशात शिल्पकारांनी विटा आणि भाजलेली माती यांतूनच आपली सृष्टी उभी केली होती. ध्यानस्थ बुद्धाच्या मूर्ती तेथे मिळाल्याच. त्यांबरोबर कमळ धारण केलेली एका गृहस्थाची उभी आकृतीही मिळाली. ती देवाची नव्हे, बहुधा स्तूपाला दान देणाऱ्या उपासकाची असावी असे मानतात. केसांची काळजीपूर्वक केलेली रचना, कमरेच्या वस्त्राच्या चुण्या, आणि अंगावर अद्याप टिकून राहिलेल्या रंगाच्या खुणा पाहिल्या म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा एक सुखवस्तू, श्रद्धाळू, आपल्या पोशाखाविषयी दक्ष असा मनुष्य समोर येतो. दगडात हा मऊपणा आला नसता. ज्या संग्रहालयाची उभारणीच दात्यांनी केली, त्याच्या सर्वांत मोलाच्या वस्तूंत एका प्राचीन दात्याची प्रतिमा असावी, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

ऐहोळ्याच्या छताच्या शिलांवरील ब्रह्मदेव सातव्या शतकातील चालुक्यकालीन कारागिरीचा नमुना आहे. मान वर करून पाहावयाचे हे शिल्प येथे भिंतीशी, डोळ्यांच्या पातळीवर आले आहे, हे पाहताना विसरू नये. घारापुरीची महिषासुरमर्दिनी भग्न आहे, परंतु त्या भग्नतेतही शरीराचा आवेग जिवंत आहे. १९३१ साली परळ येथे रस्त्याचे काम चालू असता जी विलक्षण शिवमूर्ती सापडली, जिच्यात एका शिवातून दुसरे शिव उमलत जाऊन सात आकृतींची एक उत्तुंग रचना सिद्ध होते, तिची साच्यावरून केलेली प्रतिकृती या संग्रहालयात आहे. मूळ मूर्ती परळच्या बारादेवी मंदिरात पूजेत आहे. ज्याला सवड असेल त्याने आधी प्रतिकृती नीट न्याहाळून मग परळला जावे. संग्रहालयातील प्रकाशात ज्या आकृतींची मांडणी बुद्धीला कळते, त्यांच्यापुढे फुले आणि दिवा असता त्या मनाला कशा कळतात, हा अनुभव एका दिवसात घेता येण्याजोगे हे शहर आहे.

याच पुरातत्त्व विभागात अॅसिरियातील शिलापट आहेत. निमरूद येथील राजा अशुरनासिरपाल याच्या इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील राजवाड्याच्या भिंतींवरील ही शिल्पे मुंबईत कशी, असे आश्चर्य वाटेल. एकोणिसाव्या शतकात मेसोपोटेमियातील उत्खननांचा माल बसऱ्याहून विलायतेस जाई तो मुंबई बंदरावरून, आणि येथील सरकारी अंमलदारांचा व विद्वानांचा त्या उत्खननांशी निकटचा संबंध होता. ज्या भूमीतून हे पाषाण आले, त्याच भूमीतून पुढे महायुद्धात जखमी सैनिक आले आणि याच इमारतीत त्यांची शुश्रूषा झाली. मुंबईचा आणि इराणच्या आखाताचा हा जुना दर्यावर्दी संबंध त्या दगडांपुढे उभे असताना मनात असावा.

उत्खननांतून आलेल्या वस्तूंनंतर पाहाव्यात त्या छंदातून आलेल्या. शेट पुरुषोत्तम मावजी हे मुंबईचे एक रसिक व्यापारी. चित्रांच्या छपाईची आणि सचित्र नियतकालिकाची त्यांना हौस होती, आणि जुन्या चित्रांच्या शोधात त्यांनी अपार द्रव्य वेचले. १९१५ साली त्यांचा संग्रह संग्रहालयाकडे आला, आणि लघुचित्रांच्या दालनाचा पाया त्याने घातला. मराठी माणसाने येथे थांबावे याला एक विशेष कारण आहे: या संग्रहात वाईजवळील मेणवलीच्या नाना फडणविसांच्या खासगी संग्रहातील वस्तूही आल्या. पेशव्यांच्या दौलतीचे हिशेब करड्या नजरेने तपासणारा हा मुत्सद्दी चित्रांचा रसिक होता, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात फारशी येत नाही. मेणवलीचा वाडा आणि कृष्णेकाठचा घाट पाहून आलेल्या मनुष्यास या दालनात त्या वाड्याचे हरवलेले अंग सापडल्यासारखे वाटेल. अकबराच्या चित्रशाळेत तयार झालेली ‘अन्वार-इ-सुहैली’ची चित्रेही संग्रहालयात आहेत, पंचतंत्रातील कथांचे हे फार्सी रूप, म्हणजे आपल्याच पशुपक्ष्यांनी परदेशचा प्रवास करून मोगली दरबारातून घरी परत यावे, तसा प्रकार. लघुचित्र हे हातात धरून पाहण्यासाठी काढलेले असते. म्हणून दालनभर हिंडून शंभर चित्रांवरून नजर फिरविण्यापेक्षा चारपाच चित्रांपुढे उभे राहून झाडाची पाने, वस्त्रांवरची वेलबुट्टी आणि डोळ्यांचे कोपरे पाहावेत.

टाटा बंधूंचा संग्रह हा तिसरा प्रवाह. जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा १९१८ साली अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. इंग्लंडमध्ये ट्विकनम येथील यॉर्क हाउस हे त्यांचे निवासस्थान होते. चित्रे, चिनी व जपानी कलावस्तू, जेड दगडाची पात्रे यांनी त्यांनी ते भरून टाकले होते. पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी पुरातत्त्व खात्याला स्वतःच्या खिशातून पैसा पुरविणारेही हेच. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह मुंबईस आला, आणि १९३३ साली त्यांचे वडील बंधू सर दोराब टाटा यांचाही संग्रह त्यात मिळाला. दुसऱ्या मजल्यावरील युरोपीय चित्रे आणि पूर्व आशियातील कलावस्तू यांची दालने ही प्राधान्याने या दोन भावांच्या अभिरुचीची देणगी आहेत. त्या काळात परदेशी कलेच्या अस्सल वस्तू प्रत्यक्ष पाहण्याची संधी येथील कलाविद्यार्थ्यांस याच दालनांतून मिळे, ही गोष्ट त्यांचे मोल ठरविताना विसरता कामा नये.

कलेच्या या प्रवाहांशेजारी निसर्गेतिहासाचे दालन कसे, असा प्रश्न काही जण करतात. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने ते उभे राहिले. भारतीय सस्तन प्राण्यांवरील सर्वपरिचित ग्रंथाचे कर्ते स्टॅनले प्रेटर यांची देखरेख त्याला लाभली. लहान मुले बरोबर असतील तर भेटीचा प्रारंभ तेथूनच करावा. कलेकडे येण्याची वाट पुष्कळांच्या बाबतीत पेंढा भरलेल्या वाघावरूनच गेलेली असते, आणि तीत कमीपणा नाही.

स्वातंत्र्यानंतर संग्रह नुसता वाढला नाही, त्याला वाचा फुटली. डॉ. मोतीचंद्र यांनी संचालक म्हणून दीर्घकाळ येथे काम केले. ‘सार्थवाह’ हा प्राचीन व्यापारी मार्गांवरील हिंदी ग्रंथ त्यांचा, आणि वस्त्रे, अलंकार, जैन चित्रे यांचा त्यांचा अभ्यास असा की, मूर्तीच्या अंगावरील वस्त्रावरून ते तिचा काळ सांगत. पेशाने कायदेपंडित असलेले कार्ल खंडालावाला हे त्यांचे सहकारी. पहाडी चित्रकलेवरील त्यांचे लेखन प्रमाण मानले जाते, आणि त्यांचा स्वतःचा संग्रहही अखेरीस येथेच आला. या विद्वानांमुळे अनेक चित्रांना काल, प्रांत आणि शैली प्राप्त झाली. १९५२ साली संग्रहालयाला लागूनच जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली, आणि जुन्या कलेच्या शेजारी जिवंत चित्रकारांना भिंती मिळाल्या. १९६५ साली काळा घोडा चौकातील, आधीच्या पिढीच्या प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा भायखळ्यास हलविण्यात आला. १९९८ साली संग्रहालयाला छत्रपतींचे नाव मिळाले.

हा सारा इतिहास ध्यानी घेऊन भेट कशी आखावी? एका भेटीत एकच प्रवाह घ्यावा, हा पहिला नियम. एक सकाळ इलाख्याच्या मुलखाला द्यावी: मीरपूरखास, ऐहोळे, घारापुरी, आणि जमल्यास दुपारी परळ. दुसरी भेट संग्राहकांना द्यावी: मावजी, नाना फडणवीस, टाटा, खंडालावाला. बाहेरगावच्या मनुष्यास एकच दिवस असेल तर त्याने या दोहोंतील एक निवडावा आणि दुसऱ्याचा लोभ सोडावा. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय निराळ्या दिवशी पाहावे, बुधवार वगळून, कारण त्या दिवशी ते बंद असते. तेथील बागेत घारापुरीचा तो पाषाणी हत्ती उभा आहे, जो विलायतेस नेण्याच्या प्रयत्नात १८६४ साली भंगला, तुकड्यांच्या रूपाने शहरात आला आणि १९१४ साली पुन्हा जोडला गेला. दोन्ही संग्रहालये पाहिलेल्या मनुष्यास त्याची हकीगत सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरा नियम वस्तूंजवळच्या पाट्यांविषयी. आपण वस्तूचे नाव आणि शतक वाचून पुढे सरकतो; ती कोठे सापडली आणि कोणाकडून आली ही माहिती जेथे दिली असेल, तेथे ती ओळ न वाचता पुढे जाऊ नये. शिल्पकाराचे नाव बहुतेक ठिकाणी काळाने पुसले आहे, परंतु वस्तू नष्ट होऊ न देता सर्वांसाठी खुली करणाऱ्या माणसांची नावे आपल्या डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यांत खोजा आहेत, पारशी आहेत, गुजराती आहेत, मराठे ब्राह्मण आहेत, इंग्रजही आहेत. खासगी मालकीची सुंदर वस्तू सार्वजनिक करावी, असे या शहरातील धनवंतांना आणि विद्वानांना शंभर वर्षांपूर्वी वाटले. त्या वाटण्याचे फळ आज अल्प शुल्कात आपल्याला मिळते. ते नीट घ्यावयाचे तर सवडीने, तयारीने आणि पुनःपुन्हा गेले पाहिजे. आणि आपल्या घरच्या माळ्यावर एखादे जुने चित्र, बखरीची पोथी किंवा ताम्रपट धूळ खात पडला असेल, तर तोही जाणत्यांच्या नजरेस आणला पाहिजे. ज्या परंपरेने हे संग्रहालय उभे केले, ती पाहणाऱ्यांनीच पुढे चालवावयाची आहे.